धाब्यावरचा धुरा

आमच्या घराच्या धाब्यावर धुरा होता. शेताला असतो तसाच, मातीचा, वीतभर उंच, आणि पावसाळ्यात त्याच्यावर चक्क हराळी उगवायची. माझी सून पुण्याकडची. तिला हे सांगताना आधी धाबं म्हणजे काय ते सांगावं लागलं, मग धुरा म्हणजे शेताचा बांध हे सांगावं लागलं. दोन्ही कळल्यावर ती म्हणाली, "पण आई, छतावर बांध कशाला घालायचा? पाणी साचेल ना." मी म्हटलं, बाई गं, तू त्या वेळी आमच्या घरात असतीस तर फार बरं झालं असतं.

धाब्याचं घर म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. सागाचे सरे, म्हणजे तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, त्यावर निंबाचा पाला आणि तुराट्या, आणि सगळ्याच्या वर गावच्या गढीवरून आणलेली पांढरी माती. ही माती मोठी गुणाची. पाणी पडलं की फुगते, अंगाला अंग लावून बसते, आणि उतार नीट दिलेला असला तर पाण्याला खाली शिरू देत नाही. उन्हाळा उतरणीला लागला की घरोघरचे पुरुष बैलगाड्या घेऊन गढीकडे जायचे आणि धाब्यावर नवी माती टाकायचे. भिंतींचं लिंपण, जमिनीचं सारवण, पांढऱ्या मातीचा पोतेरा, हे सगळं बायकांकडे. असं कोणी ठरवलं होतं ते ठाऊक नाही. पण पुरुष लिंपताना दिसला तर अख्खी गल्ली पाहायला जमली असती, आणि बाई धाब्यावर माती टाकताना दिसली तर तिच्या नवऱ्याला पारावर बसणं अवघड झालं असतं.

आमचं घर आजोबांनी एकच बांधलेलं, अमडापूरच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका गावात. दोन लांब खोल्या, पुढे ओसरी, आणि दोन खोल्यांना जोडणारं एक मधलं दार. माझे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, आईचे भासरे, दोघं तिथे एकत्र राहायचे. मग विहिरीच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. कोणी कोणाची पाळी मोडली यावर माझं आजही काही मत नाही, कारण दोन्ही बाजू मी इतक्या वेळा ऐकल्या की दोघंही खरे वाटायला लागले. शेत वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. घर वाटायचं म्हणून मधलं दार चौकटीसकट काढून तिथे कच्च्या विटा रचल्या आणि वर लिंपून टाकलं. आता राहिलं धाबं. आजोबांनी त्याला उतार दिला होता तो दक्षिणेला, आणि सगळं पाणी टिनाच्या पन्हाळातून मोठेबाबांच्या वाट्याला आलेल्या अंगणात पडायचं. बाबा म्हणाले, "माह्या धाब्याचं पानी मी दुसऱ्याच्या आंगनात काऊन सोडू?" मोठेबाबा म्हणाले, "सोडूच नोको." भांडण झाल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि तीच नेमकी घात करणारी निघाली.

तेव्हा हद्द म्हणून मधल्या भिंतीच्या बरोबर वर त्यांनी धुरा घातला. बाबांनी आमच्या बाजूला नवं पन्हाळ बसवलं, तिकडे उतार यावा म्हणून थोडी मातीही टाकली. पण आजोबांचा उतार चांगला मुरलेला होता, तो काही बाबांचं ऐकेना. शेतात धुरा असतो तो हद्द दाखवायला आणि पाणी अडवायला. दोघंही जन्माचे शेतकरी. त्यातली पहिली गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवली आणि दुसरी सोयीनं विसरले. पुढची काही वर्षं पाऊस बेताचाच झाला, त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही, आणि बाबा मान ताठ करून त्या धुऱ्यावरची हराळी उपटत राहिले.

या सगळ्यात माझ्या आईचं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा परकर सोडून नुकती लुगड्यात आलेली पोर होती. तिला भाकर थापता येत नव्हती, चुलीचा जाळ धरता येत नव्हता. सासू आधीच गेलेली. तिला हाताशी धरलं ते मोठ्या जावेनं, माझ्या मोठ्या आईनं. आई तिला 'बाई' म्हणायची. भाकर मोडली तर मोठी आई ती स्वतःच्या ताटात घ्यायची, आणि चांगली झाली तर पुरुषांपुढे सांगायची, "हे कमलनं केली." माझ्या वेळचं बाळंतपण, भावाच्या वेळचं बाळंतपण, सगळं तिच्या हातचं. वाटणी झाली तेव्हा पुरुषांनी बायकांना बोलू नका असं काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. नवऱ्यानं ज्या घराशी बोलणं तोडलं, त्या घराशी बायकोनं बोलायचं नाही, हे काय कोणी शिकवावं लागतं? दोघी आडावर एकमेकींशेजारी उभ्या राहून पाणी शेंदायच्या, आणि बाकीच्या बाया टकामका बघत राहायच्या, आज तरी बोलतात का म्हणून.

घरात मात्र भिंत होती आणि भिंतीला ऐकू यायचं. पहाटे मोठ्या आईचं जातं सुरू झालं की आईचं सुरू व्हायचं. मोठ्या आईचा गळा चांगला होता. ती ओव्या म्हणायची आणि त्या मातीतून गाळून आल्यासारख्या आमच्या खोलीत यायच्या. आईचं दळण संपलेलं असायचं, तरी ती जात्याचा खुंटा धरून तशीच बसून राहायची, पलीकडचा आवाज थांबेपर्यंत. फोडणीच्या आवाजावरून ती सांगायची, "आज बाईनं अंबाडी केली." कधी मोठी आई खोकली की आईचा हात तव्यावर थांबायचा. मी तेव्हा मोठी झालेली होते, गावातली शाळा संपवून घरी बसले होते, भाऊ चिखलीला बोर्डिंगात. मला सगळं दिसत होतं. माझी आई भरल्या घरात एकटी पडली होती, हे मी आज सरळ लिहून टाकते. तेव्हा असं म्हणायची पद्धत नव्हती.

त्या वर्षी पोळा झाला आणि झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे धो धो पाऊस नाही. झड म्हणजे बारीक, न थांबणारा, दिवस कोणता आणि सांज कोणती कळू न देणारा पाऊस. माणसं घोंगडी पांघरून बसतात, गुरं गोठ्यात ओरडतात, गोवऱ्या पेटत नाहीत, पीठ चिकट होतं. आधी मधल्या भिंतीच्या वरच्या अंगाला एक काळसर डाग आला. मग तो हळूहळू खाली उतरायला लागला. आई रोज त्याच्याकडे पाहायची आणि त्याच्या पुढे कोळशाची रेघ ओढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या खाली गेलेला असायचा. मग सरा ठिबकायला लागला. परात, घंगाळ, तांब्या, जे मिळेल ते खाली ठेवलं. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा, आणि बाबांना त्यातला एकही सहन होईना.

"धुरा फोडा न हो," आई म्हणाली. "तिथीच पानी तुंबून राह्यलं."

"फोडला त पानी कुठी जाईन? त्याच्याच आंगनात न? मंग त्यानं बोंब मारली म्हंजे?"

"आन भित पडली म्हंजे?"

"भित काही पडत नाही," बाबा म्हणाले आणि घोंगडी घेऊन गोठ्यात गेले. अडचण आली की आमचे बाबा बैलांपाशी जाऊन बसत. बैल उलट बोलत नाहीत, हे त्यांच्या सोयीचं होतं.

भिंत पडली नाही हे खरं. आजोबांची भिंत होती, दोन हात जाडीची. पडलं ते बुजवलेलं दार. तेवढाच भाग नवा, घाईनं रचलेला, आणि पाणी नेमकं त्याच्या डोक्यावर तुंबलेलं. सकाळची वेळ होती. मी तांदूळ निवडत होते, आई चुलीशी फुंकणी घेऊन झगडत होती. आधी लिंपणाचा एक पोपडा सुटला, मग फुगीर झालेलं पोट पुढे यावं तसं सगळं पुढे आलं आणि भद्दकन खाली बसलं. तिथे गव्हाची पोती उभी होती, ती चिखलात लोळली. धूळ उडाली नाही, कारण उडायला कोरडं काही नव्हतंच. आणि समोर, पलीकडच्या खोलीत, चुलीपुढे मोठी आई बसलेली. तिच्या हातात अर्धी थापलेली भाकर होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईनं सवयीनं पदर पुढे ओढला, मग तो तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं आता दोघी रडतील. पण मोठी आई म्हणाली, "अवं कमल, सर मांगं. आनखी पडन." आई मागे सरली. वरची उरलेली विटांची ओळ खरंच पडली. ती पडून गेल्यावर मोठ्या आईनं हातातली भाकर तव्यावर टाकली आणि विचारलं, "चूल पेटते का तुही?"

"नाही बाई. सगयं वलं झालं."

"मंग पीठ आन इकडं."

आणि माझी आई पिठाची परात घेऊन, लुगडं पोटरीपर्यंत उचलून, त्या चिखलावरून पलीकडे गेली. भांडणापासून पहिल्यांदा. मी निवडलेल्या तांदळाचं सूप हातात धरून तशीच उभी. पलीकडे दोघींच्या हातांचा थापण्याचा आवाज सुरू झाला, एकीचा थोडा जड, एकीचा हलका. त्या काय बोलल्या? लसणाचं काहीतरी बोलल्या. एवढ्या वर्षांनी बोलायला मिळालं आणि दोघी लसूण यंदा बारीक आला यावर बोलत होत्या. मला तेव्हा हसू आलं. आता या वयात ते फार शहाणपणाचं वाटतं.

आवाज ऐकून बाबा गोठ्यातून आले आणि मोठेबाबा पुढच्या ओसरीतून. दोघं आपापल्या बाजूनं त्या भोकापाशी उभे. बाबांनी एकदा भोकाकडे, एकदा वर सऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता कुदळ घेऊन शिडी चढले. मी मागोमाग गेले. धाब्यावर आमच्या बाजूला तळं झालं होतं, आभाळ दिसत होतं त्यात. तेवढ्यात पलीकडच्या शिडीवरून मोठेबाबांचं मुंडासं वर आलं. त्यांच्याही हातात कुदळ. धुऱ्याच्या अलीकडे एक भाऊ, पलीकडे एक, आणि मध्ये मी.

"शाले," मोठेबाबा मला म्हणाले, "तुह्या बापाले सांग, मंधात फोडू नोको. मंधात फोडलं त पानी भितीतच जाईन. माह्या पन्हायाकडच्या टोकाले फोड म्हना."

बाबा चार हातांच्या अंतरावर उभे होते. बहिरे नव्हते. तरी मी सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याइले म्हना, पानी तुमच्या आंगनात पडन. मंग बोलू नोका."

"पडू दे म्हना. आंगन काय विरघयते?"

असं सगळं माझ्या तोंडून. दोघांनी दोन बाजूंनी टोकाला धुरा फोडला आणि तुंबलेलं पाणी आजोबांच्या जुन्या वाटेनं निघालं, पन्हाळात शिरलं आणि मोठेबाबांच्या अंगणात धबाधबा पडायला लागलं. दोघं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत उभे होते. ओलेचिंब.  झड आणखी थोडी चालली आणि मग एके सकाळी ऊन पडलं.

परवा आमच्या बुलढाण्याच्या घरात छताला ओल आली. मुलानं माणसं बोलावली. त्यांनी काळं डांबरासारखं काहीतरी वर फासलं, आतून पांढरा रंग मारला आणि दुपारच्या चहाला सगळं संपलं. रंगाखाली ओल तशीच आहे, मला वास येतो. पण आता कोणाला सांगायला जायचं? आमच्या वेळी ओल आली की आधी थांबायचं असे. ओल्या भिंतीला लिंपण लावलं तर आतलं पाणी आतच कुजतं, म्हणून भिंत उघडी करायची. आई आणि मोठ्या आईनं खुरप्यांनी दोन्ही अंगांचं फुगलेलं लिंपण खरवडून काढलं. आजोबांची भिंत आतून नागडी झाली. तिच्यात कुठे कुठे जुन्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, काड्या अजून पिवळ्या होत्या. खोल्यांत शेणीच्या लहान लहान आगट्या करून ठेवल्या, दारं दिवसभर सताड. घरातलं सगळं अंगणात आलं. गोधड्या, घोंगड्या, डबे, पाटे, भावाची पुस्तकं, देव. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे. घरोघरी मातीच्या चुली असल्या तरी दुसऱ्याची चूल उघड्यावर आलेली पाहायला माणसाला बरं वाटतं.

गहू भिजला होता. भाऊ सुटीत यायचा म्हणून ठेवलेला चांगला गहू. मी तो वाया गेला असं धरून चालले होते. मोठ्या आईनं पोत्यात हात घालून मूठभर दाणे दाताखाली दाबून पाहिले आणि म्हणाली, "कमल, हे त कुरडईचं भिजवन होऊन राह्यलं आपोआप." कुरडया आम्ही करतो त्या उन्हाळ्यात, पावसाळा संपता संपता कोणी करत नाही. पण गहू काही आमच्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हता. दोघींनी तो धुऊन, आणखी भिजवून, पाट्यावर वाटून सत्त्व काढलं. अंगणात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात चीक शिजवला. चीक घाटायला दोघी लागतात. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं लाकडी दांडक्यानं फिरवायचं, आणि हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. आई फिरवत होती, मोठी आई पातेलं धरून तिला ओरडत होती, "हलव, हलव, झोपली का?" आई घामानं निथळत होती आणि हसत होती. आईला मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. गरम चीक आम्ही तेल आणि तिखट घालून वाट्यांतून खाल्ला. बाबांना एक वाटी, मोठेबाबांना एक वाटी. दोघांनी आपापल्या ओसरीवर बसून, एकमेकांकडे पाठ करून, सारख्याच आवाजात भुरकला.

पुरुषांनी धाबं काढायला घेतलं. भिजलेली माती खाली ओढली, कुजलेल्या चिपा बदलल्या, नवा निंबाचा पाला पसरला, तुराट्या अंथरल्या. आता उतार एकच द्यायचा, आजोबांचा, हे न बोलता ठरलं. धुरा परत घालायचा नाही, हेही. गढीवरून माती आली ती एकाच गाडीतून, कारण बाबांचा एक बैल लंगडत होता. मोठेबाबांचा बैल आमच्या गाडीला लागला. बैलांचं काही भांडण नव्हतं. दोघं दिवसभर धाब्यावर शेजारी शेजारी बसून माती चोपायचे आणि बोलायचं असेल तर खाली मला हाक मारायचे. मी म्हणजे घरातलं पोस्ट झाले होते.

त्या दिवसांत मधल्या भोकाला एका पोत्याचा पडदा लावला होता. तो दिवसभर बाजूला सारलेलाच असे. विळी इकडून तिकडे जाई, ताक तिकडून इकडे येई. आई सकाळी उठली की आधी तिकडे जाऊन येई. पहाटेच्या दळणाला आता दोघी एकाच जात्यावर बसत, आणि ओव्या मला पहिल्यांदा गाळल्याशिवाय ऐकू आल्या. मला वाटायला लागलं होतं की संपलं सगळं. पण बाबा अंगणाच्या कोपऱ्यात चिखल तुडवून कच्च्या विटा पाडत होते, आणि त्या विटा कशासाठी हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

आईनं विचारलं. जेवायला वाढताना, अगदी साध्या आवाजात. "ते विटा कायच्या?"

"दाराच्या."

"दार राहू द्या न तसंच. चौकट बसवून घ्या."

"वाटनी ते वाटनी," बाबा म्हणाले. "लोक काय म्हनतील? भावाइनं नाही, भितीनं समेट करून देल्ला म्हनतील."  आईनं त्यांना आणखी एक भाकर वाढली. माझे बाबा वाईट नव्हते हो. दिलेला शब्द आणि धरलेला रुसवा, दोन्ही सारख्याच इमानानं पाळणारा माणूस. मोठेबाबांचंही तेच. मला त्यांनी विचारलं, "तुहा बाप दार बुजवते काय?" मी हो म्हटलं. ते जरा वेळ तंबाखू मळत राहिले. "मंग बुजवू दे. म्या काऊन आडवू?" दोघंही दुसरा नको म्हणेल याची वाट पाहत होते, आणि म्हणायला कोणी तयार नव्हतं. एके दिवशी विटा लागल्या. या बाजूनं बाबांनी रचल्या, त्या बाजूनं मोठेबाबांनी सांधे भरले. शेवटची ओळ लागेपर्यंत मोठी आई चुलीशी बसून पाहत होती. मग ती दिसेनाशी झाली. त्या सांजेला आई जेवली नाही.

मग नवरात्राच्या आधीचं लिंपण आलं. आईनं आणि मी पांढरी माती, शेण आणि कुटार पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखा गारा केला. आईचा हात लिंपणाला फार सुरेख. वरून खाली, तळहाताच्या कडेनं, एका लयीत. मागे चंद्रकोरीसारखे बोटांचे वळसे उमटत. सकाळपासून तिनं अख्खी मधली भिंत लिंपली. दाराच्या जागेपाशी आली. तिथे हात थांबला. तिनं त्या नव्या विटांच्या कडेकडेनं, नीट रेघ धरून, चौकट असावी तसं लिंपून घेतलं आणि मधला भाग तसाच उघडा सोडून पुढे गेली. मला वाटलं शेवटी करणार असेल. पण सगळी भिंत झाली, तिनं हात धुतले, पाटी पालथी घातली. मी म्हटलं, "आई, हे राह्यलं न." ती म्हणाली, "राहू दे." आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली, दळण संपल्यावर बसायची तशी.

दिवस मावळायच्या आधी बाबा शेतातून आले. भिंतीकडे पाहिलं. "हे काऊन सोडलं?"

"ते तुमचं हाय," आई म्हणाली. "आमचं लिपून झालं."

"बिगर लिपल्याची भित टिकते काय? एका पावसाळ्यात खाली येईन."

"येईन."

बाबा बोलायला तोंड उघडतात न उघडतात तोच भिंतीपलीकडून मोठेबाबांचा आवाज आला. एवढा मोठा की धाब्यावरचे चिमण्या-पारवे उडाले. "अवं, हे मंधातलं तसंच काऊन ठेवलं? सगयं लिपलं आन हे सोडलं? येडी झाली काय?" मोठी आई काय बोलली ते ऐकू आलं नाही. आईनं डोळे मिटले. बाबांनी आईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः लिंपायला घेतलं. उरलेला गारा पाटीत घेऊन, बाह्या सावरून. दार आतून लावून घेतलं, गल्लीतल्या कोणी पाहू नये म्हणून. विटा ओल्या करून घ्यायच्या असतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आई सांगेना. त्यांनी जाड थर थापला, भाकरीसारखा. तो जरा वेळ टिकला आणि मग सबंधच्या सबंध घसरून त्यांच्या पायावर पडला. त्यांनी तो उचलून परत लावला. परत पडला. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडे तसाच आवाज झाला, धप्प. बाबा थांबले. कान लावला. पलीकडेही शांत झालं होतं. मग माझ्या बाबांनी त्या विटांना तोंड लावून, मला मध्ये न घालता, हाक मारली.

"दादा."

बराच वेळ काही नाही. मग, "काय बे?"

"तुह्यावालं टिकलं काय?"

"नाही टिकलं. तुह्यावालं?"

"माह्यावालंही पडलं."

 आणि मग भिंतीपलीकडे मोठेबाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. बाबाही हसायला लागले, चिखलाचे हात अंगापासून दूर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पहार हाय काय तुह्यापाशी?" मोठेबाबांनी विचारलं. बाबा म्हणाले, "हाय." "मंग वरून काढ. खालून काढू नोको, पायावर घेशीन."

त्या दारात नवी चौकट बसली. चौकट बसताना उंचीवरून दोघांचं पुन्हा थोडं वाजलं, पण ते समोरासमोर वाजलं. चौकटीच्या कडेचं लिंपण दोघींनी मिळून केलं, दोन बाजूंनी, एकाच पाटीतल्या गाऱ्यानं.

मी कित्येक वर्षं समजत होते की दोघींनी हे आधीच ठरवलं होतं. भोक उघडं होतं तेव्हा दोघी इतक्या बोलत होत्या, तेव्हाच बेत शिजला असणार. मोठी आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी आईला विचारलं. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. म्हटलं, "आई, लिंपायचं सोडायचं हे तुम्ही दोघींनी केव्हा ठरवलं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळचट विचारलं.

"ठरवलं कोनी? लिपता लिपता माहा हात तिथी गेलाच नाही. मंग वाटलं, बाईनं तिकडून लिपून घेतलं असन त? तिनं लिपलं असतं न शाले, त मी काही बोलली नसती. दुसऱ्या दिवशी इकडून मीही लिपून घेतलं असतं, आन मंग आयुष्यभर त्या दाराकडं पाह्यलं नसतं." तिनं लसणाची पाकळी ताटात टाकली. "दिवसभर बसून राह्यली मी. भासऱ्यांचा तो आवाज आला, हे मंधातलं काऊन सोडलं म्हनून, तवा माहा जीव खाली आला. माह्या जन्मात कोनी इतकं गोड ओरडलं नाही पाह्य."